काळा अक्रोड आपल्या बांधावर येईल का?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या काळ्या अक्रोडाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. लेकीकडे राहायला गेले असताना तिथल्या अंगणांत, ओढ्यांच्या काठांनी ही उंच झाडं पाहिली, गवतात पडलेली हिरवी फळं लोक बादल्या भरभरून गोळा करतात ते पाहिलं, एवढंच त्यात होतं. त्यावर रावेरपासून मोलगीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देते. बाकीच्यांचे प्रश्नही यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, माझा पुतण्या अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. दिवाळीत आला तेव्हा काळ्या अक्रोडाची कवचासकट भरलेली पिशवी घेऊन आला. आणली खायला, पण माझ्या मनात दुसरंच आहे. माझी केळी आहे, ठिबक आहे, जमीन कसदार आहे, विहिरीला पाणी आहे. पश्चिमेच्या बांधावर ओळीनं ही झाडं लावली तर केळीला वाऱ्याचा आडोसा होईल आणि नातवंडांना घरचे अक्रोड मिळतील. फ्रिजमध्ये ठेवलं की बी उगवतं, असं पुतण्या म्हणतो. लावू का?
— एक केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : अप्पा, लावू नका. तुमची जमीन चांगली आहे, पाणी आहे, हौस तर आहेच. पण या झाडाला लागते थंडी, आणि ती ठिबकमधून सोडता येत नाही.

पुतण्या सांगतो ते खरं आहे, म्हणून आधी बियाचं बोलू. काळ्या अक्रोडाचं फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली पडतं आणि बी उगवतं ते पुढच्या वसंतात. मधले महिने ते ओल्या, गार मातीत पडून असतं. ती ओल आणि तो गारवा लागोपाठ मिळाल्याशिवाय आतला कोंब हालत नाही. म्हणून तिथले रोपवाटिकावाले बी ओल्या वाळूत घालून १ ते ५ अंश तापमानात तीन-चार महिने ठेवतात. घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यातही हे जमतं. तेव्हा रोप तुम्हाला मिळेल. मला काळजी आहे ती त्याच्या पुढची.

हे पानगळीचं झाड आहे. पानं गळाली की कळ्या गाढ सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी अंगावरून गेल्याशिवाय नीट फुटत नाहीत. साधारण ७ अंशांच्या खाली किती तास गेले, यावर ते ठरतं. आपण दुकानातून आणतो त्या काश्मिरी अक्रोडाच्या बहुतेक जातींनाच असे ७०० ते १००० तास लागतात. काळा अक्रोड कॅनडातल्या ओंटारिओच्या दक्षिण टोकापासून अमेरिकेच्या पूर्व भागात आपसूक वाढतो आणि दक्षिणेला फ्लोरिडाच्या उत्तर कडेशी येऊन थांबतो. त्याच्या खालचा उबदार फ्लोरिडा त्याला मानवत नाही, मग रावेर कसं मानवेल? आपल्याकडे पौषात पहाटे शेकोटी पेटवावी लागते हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्याच दिवशी दुपारी अंगावरचं स्वेटर काढून ठेवावं लागतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. थंडीचे तास भरतच नाहीत. ते भरले नाहीत की कळ्या उशिरा आणि अर्धवट फुटतात, फांद्या मध्येच उघड्या राहतात, आणि नराचे लोंबते तुरे व मादी फुलं यांच्या वेळा जुळत नाहीत. झाड जगलं तरी फळाची आशा धरता येत नाही.

त्यात आपला वैशाख. भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या वर जातो, ती झळ केळीच्या पानालाही सोसत नाही. या झाडाचं एकेक पान हातभर लांब, त्याला १५ ते २३ पातळ पर्णिका. जिथलं ते झाड आहे तिथे उन्हाळ्यातही अधूनमधून पाऊस पडत राहतो. आपल्याकडे जून उजाडेपर्यंत थेंब नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीनं सांगते. परदेशातून पेरणीसाठी बी आणायचं तर आयात परवाना लागतो आणि त्या देशाचं रोग-कीडमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. पिशवीतून आलेल्या बियाबरोबर कोणती बुरशी आली, कोणती अळी आली, हे डोळ्यांना दिसत नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, अरुणाचल इथे हजारो कुटुंबं अक्रोडावर जगतात. आपल्या हौसेपायी त्यांच्या झाडांना नवं दुखणं लागायला नको.

आडोशाला शेवरी लावा. तुमच्या भागात ती सगळ्यांची पारखलेली आहे. नातवंडांसाठी काय लावायचं ते मोलगीच्या गुरुजींना दिलेल्या उत्तरात वाचा. आणि पिशवीतले अक्रोड मात्र जरूर फोडून खा. ते कसे, ते पुढच्याच पत्रात आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडेही जावेच्या मुलीनं काळे अक्रोड पाठवले आहेत. वरची साल काढलेली आहे, पण कवच काळंकुट्ट आणि खडबडीत. अडकित्त्यानं फुटत नाहीत, दारात धरून फोडायला गेलो तर दाराचीच पट्टी निखळली. कसाबसा एक फुटला तर गर तुकड्या-तुकड्यांनी निघाला आणि वास असा उग्र की सासूबाई म्हणाल्या, "हाई काय वास मारी ऱ्हायनं?" हे खराब झालेत का? खाण्याजोगे आहेत का?
— एक गृहिणी, देवपूर, धुळे

उत्तर : ताई, बहुधा खराब नाहीत. हा वास त्यांचाच आहे. काश्मिरी अक्रोडाचा गर सौम्य, लोण्यासारखा. काळ्या अक्रोडाचा स्वाद त्याच्यापुढे फार दांडगा: मातकट, किंचित फळाच्या आंबूस अंगाचा, आणि मागे जिभेवर बराच वेळ राहणारा. तिकडे तो नुसता मूठभर कुणी खात नाही. आइस्क्रीममध्ये, केकमध्ये, दुधाच्या वड्यांमध्ये थोडासा घालतात आणि तेवढ्यानं सगळा पदार्थ त्याचा होऊन जातो. सासूबाईंना सांगा, पहिल्या घासाला मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन मागून घेतला.

खराब झालेला कसा ओळखायचा? जुन्या शेंगदाण्याला किंवा खोबऱ्याला जो खवट, तेलरंगासारखा वास येतो, तो आला तर टाकून द्या. गर आक्रसून सुरकुतलेला, बुरशीची पांढरी-हिरवी जाळी धरलेला असेल तर कोंबड्यांनाही घालू नका. गर नुसता काळपट असेल तर घाबरायचं कारण नाही. फळाची हिरवी साल वेळेवर काढली नाही की तिचा रस कवचातून आत झिरपतो, गर काळवंडतो आणि चव जहाल होते. म्हणून तिकडे फळ पडलं की लगेच साल काढायची घाई असते. फळावर अंगठा दाबून पाहतात, खळगा पडला की पिकलं. मग बुटाखाली रगडून साल सोडवतात, हातात जाड मोजे घालून. कारण त्या सालीचा रस सुरुवातीला पिवळट दिसतो आणि हवा लागली की गडद तपकिरी होतो. तो बोटांना लागला की साबण, लिंबू, चिंच कशालाही दाद देत नाही, कातडी झडेल तेव्हाच जातो. पूर्वी त्यानं लोकर रंगवत असत.

साल काढलेले अक्रोड पाण्यात टाकून धुतात. बुडतात ते भरलेले, बहुतेक तरंगणारे पोकळ, ते बाजूला काढतात. मग सावलीत, वारा खेळेल असे पसरून दोन-तीन आठवडे वाळवतात. ऑक्टोबरात मिसुरीतल्या खेडोपाडी यंत्रं लागतात. आपल्याकडे जिनिंगवर कापसाच्या गाड्या उभ्या राहतात तशा तिथे लोक आपापल्या गाड्यांतून हिरवे अक्रोड आणतात, यंत्र साल काढून देतं आणि सोललेल्या अक्रोडाच्या वजनावर रोख पैसे मिळतात. यातली बरीचशी झाडं कुणी लावलेली नसतात, आपोआप उगवलेली असतात. त्या राज्यानं १९९० मध्ये काळ्या अक्रोडाला आपलं राज्य-कवचफळ म्हणून मान दिला, तो उगाच नाही.

आता फोडायचं. अडकित्ता विसरा. अक्रोड रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी निथळून ओल्या फडक्यात तासभर झाकून ठेवा. पाणी कवचात आणि थोडं गरात उतरतं, गर लवचिक होतो आणि भुगा होत नाही. मग पाट्यावर किंवा दगडी उंबऱ्यावर टोक वर करून उभा धरा, वरून फडकं टाका आणि हातोडीनं एकच नेमका घाव घाला. फडकं विसरू नका, कवचाच्या कपच्या डोळ्यात उडतात. मुलांना लांब बसवा. आत चार कप्पे असतात आणि गर त्या कोनाकोपऱ्यांत अडकून बसलेला असतो. तो दाभणानं किंवा जाड सुईनं काढायचा. अख्खी अर्धुकं निघतील अशी अपेक्षा धरू नका. रानातल्या झाडाच्या अक्रोडात वजनाच्या फार तर चौथ्या हिश्शाएवढाच गर असतो. काढलेला गर एक दिवस पसरून सुकवा, कवचाच्या कपच्यांसाठी दोनदा निवडा (दातावर आली तर दात जाईल), मग घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलात तर आपल्या उकाड्यात लवकर खवट होईल.

स्वयंपाकात मी तो डिंकाच्या लाडवात घालते. खोबरं, खारीक, डिंक नेहमीचंच, आणि एकूण सुक्या मेव्याच्या दहाव्या हिश्शाएवढा काळा अक्रोड, जाडसर कुटून. गुळाशी त्याचं फार चांगलं जमतं. बासुंदीत शेवटी चिमूटभर घातला तरी स्वाद कळतो. मेथीच्या लाडवात मात्र नको, दोन उग्र चवी एकमेकींना खाऊन टाकतात. पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम काळ्या अक्रोडात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, काश्मिरी अक्रोडात सुमारे १५. घरात कुणाला अक्रोड, काजू, बदाम यांची अ‍ॅलर्जी असेल तर हाही देऊ नका.

प्रश्न : मॅडम, आठ-नऊ वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून 'अक्रोड' म्हणून रोप आणलं. झाड छान फोफावलं, आता फळं लागली. आत गोल, टणक बी आहे. परवा शेजारच्या मुलांनी फोडून दोन-तीन बिया खाल्ल्या आणि तासाभरात उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात नेलं, आता बरी आहेत. इथे तर अक्रोड येत नाही असं म्हणतात. मग हे काय झाड आहे?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, तुम्ही मुलांना लगेच दवाखान्यात नेलं हे फार बरं केलं. तुम्ही पाठवलेलं पान आणि बी पाहिलं. हे अक्रोडाचं झाडच नाही. याला जंगली अक्रोड म्हणतात. हे एरंडाच्या कुळातलं, आग्नेय आशियाकडचं उष्ण प्रदेशातलं झाड आहे, म्हणून तर तुमच्याकडे इतकं फोफावलं. त्याच्या बियांत तेल इतकं असतं की पूर्वी त्या काडीला ओवून दिव्यासारख्या जाळत. हवाई बेटांचं तर ते राज्यवृक्ष आहे. इंडोनेशियात या बिया भाजून, शिजवून मसाल्यात घालतात. पण कच्ची बी विषारी आहे. तिनं पोटात कळा येतात, उलट्या होतात, जुलाब होतात. भाजून खाण्याचा प्रयोगही घरी करू नका. किती भाजलं म्हणजे पुरे, याचा अंदाज आपल्याकडे कुणाला नाही.

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच अंगणांत हे झाड 'अक्रोड' म्हणून उभं आहे आणि घरच्यांना ते माहीत नाही. ओळखायला पान पुरेसं आहे. खऱ्या अक्रोडाचं पान कडुलिंबाच्या पानासारखं, एका दांड्यावर समोरासमोर पर्णिका असलेलं असतं. जंगली अक्रोडाचं पान अखंड असतं, कोवळ्या झाडावर तीन-पाच टोकांचं, आणि नव्या पालवीवर पिठासारखी पांढरट लव असते. लांबून पूर्ण झाडच भुरं दिसतं. बी फोडली तर अक्रोडासारखा वळ्यावळ्यांचा गर नसतो, गुळगुळीत पांढरा गोटा असतो. कवचाला मधून शिवणही नसते.

झाड तोडाच असं मी म्हणणार नाही, सावली चांगली आहे. पण खाली पडलेली फळं रोज झाडून घ्या आणि शेजारपाजारच्या घरांत जाऊन स्वतः सांगा. ज्या रोपवाटिकेतून आणलं त्यांनाही सांगा. 'अक्रोड' ही पाटी काढून 'जंगली अक्रोड, बी खाऊ नये' अशी लावायला काही खर्च येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन प्रश्न आहेत. एक, तोरणमाळला तर चांगली थंडी पडते, तिथे काळा अक्रोड येणार नाही का? दोन, काळ्या अक्रोडाखाली दुसरं झाड वाढत नाही असं वाचलं. ते कशामुळे?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : बेटा, दोन्ही प्रश्न चांगले आहेत. तोरणमाळची उंची साधारण ११५० मीटर. डाबकडे, तोरणमाळला एखाद्या वर्षी पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो पेपरात येतात. पण त्या मोजक्या रात्री असतात. उन्हं वर आली की हवा २५ अंशांकडे सरकते. झाडाला लागते ती दोन-तीन महिन्यांची सलग थंडी, आणि काश्मिरी अक्रोडाच्या मुलखातलं श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर तर आहेच, शिवाय आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे. उंची आणि अक्षांश दोन्ही मिळून तो हिवाळा तयार होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे जुग्लोन नावाचं रसायन. काळ्या अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि सगळ्यात जास्त फळाच्या हिरव्या सालीत त्याचं बिनविषारी, बिनरंगी रूप असतं. हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं. ते शेजारच्या रोपांच्या पेशींच्या श्वसनात अडथळा आणतं. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची ही सगळी एका कुळातली पिकं त्याला लवकर बळी पडतात, पानं पिवळी पडून रोप सुकतं. म्हणजे आपल्या भरिताच्या वांग्यांचं आणि नंदुरबारच्या मिरचीचं ते शेजारी म्हणून वैरीच. उलट गहू, मका, कांदा, बीट यांना फारसं काही होत नाही. मिसुरी विद्यापीठाचं कृषिवनीकरणाचं केंद्र आहे, तिथे काळ्या अक्रोडाच्या ओळींमध्ये पिकं घेण्याचा अभ्यास झाला आहे. जुग्लोनचा परिणाम प्रयोगशाळेत जितका स्पष्ट दिसतो तितका शेतात सगळीकडे दिसत नाही. माती, ओल, निचरा यांवर तो बदलतो, आणि मोठ्या झाडाखाली सावली व पाण्याची ओढाताण यांचाही हात असतो. तुला याचा प्रयोग करायचा असेल तर अक्रोडाची वाट पाहू नकोस. आपल्या पडीक शेतातलं गाजरगवत घे. त्याच्या पानांचा अर्क करून त्यात ज्वारी आणि मूग भिजवून उगवण मोज. बाजूला नुसत्या पाण्यातली बशी ठेवायला विसरू नकोस. काय दिसलं ते मला लिही.

प्रश्न : काळ्या अक्रोडाच्या लाकडाला सोन्याचा भाव आहे, एकरी एवढी रोपं लावा, पंधरा वर्षांत कोटी मिळतील, असं एक एजंट गावात सांगत फिरतो आहे. रोपाला सातशे रुपये मागतो. घ्यावीत का?
— एक शेतकरी, ता. शिरपूर

उत्तर : एकही घेऊ नका. लाकूड मौल्यवान आहे हे खरं, उंची फर्निचर आणि बंदुकीचे दस्ते त्याचे करतात. पण त्याच्या स्वतःच्या मुलखात, चांगल्या जमिनीतसुद्धा, उत्तम लाकूड हाती यायला पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. आपल्याकडे ते झाड का टिकणार नाही हे वर लिहिलंच आहे. पैसे दिले असतील तर पावती जपून ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा. गावातल्या इतरांनाही हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, तुमचा लेख शाळेत वाचून दाखवला. मुलांनी विचारलं, आपल्याकडे असं कवच फोडून खायचं झाड कोणतं? शाळेच्या मागे मुरमाड उतार आहे, टँकरनं पाणी आणावं लागतं. या पावसाळ्यात काहीतरी लावायचं आहे.
— एक प्राथमिक शिक्षक, मोलगी परिसर, जि. नंदुरबार

उत्तर : गुरुजी, या सगळ्या पत्रांत मला सर्वांत आनंद तुमच्या पत्राचा झाला. मुलांना सांगा, त्यांच्या डोंगरात ते झाड आधीपासून उभं आहे. चार. म्हणजे चारोळीचं झाड. मुरमाड उतार, कमी पाणी, वैशाखातलं ऊन, सगळं त्याच्या ओळखीचं आहे. शहरात श्रीखंडावर जी चारोळी टाकतात ती सातपुड्यातल्या कुणाच्या तरी आईनं उन्हात उभं राहून वेचलेली असू शकते. ती चारोळी किराण्यात काय भावानं विकली जाते, ते मुलांना एकदा दाखवा.

आखाजीच्या आगेमागे फळं पिकायला लागतात. पिकलेलं फळ काळंजांभळं, आंबटगोड. मुलं ते खातातच. गर खाऊन उरलेली बी म्हणजे तुमचं बियाणं. ते साठवून ठेवू नका, या बियाची उगवणशक्ती लवकर जाते. गोळा केल्यापासून थोड्याच आठवड्यांत पेरलं पाहिजे. कवच फार टणक असतं, म्हणून बी एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा आणि कवचाला हलकीशी भेग पाडा. दगडानं ठेचू नका, आतल्या गराला धक्का लागला की बी गेलं. मोठ्या मुलांना हे काम फार चांगलं जमतं. पिशव्या लांब, खोल घ्या, सोटमूळ भराभर खाली जातं आणि आखूड पिशवीत ते वळून बसतं. वर्षभर पिशवीत सांभाळून पुढच्या पावसाळ्यात उतारावर लावा. यंदा रोपं मिळाली नाहीत तर पाऊस लागताच थेट खड्ड्यात तीन-तीन बिया टोका. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून काट्याचं कुंपण हवंच. वाढ सावकाश आहे. बियाच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं जातील, तेव्हा आज चौथीत असलेली मुलं कॉलेजात असतील. घाई असेल तर कलमं मिळतात. गुजरातमध्ये गोध्राजवळ वेजलपूरला केंद्र सरकारचं फळसंशोधन केंद्र आहे, तिथे चारोळीचं 'थार प्रिया' नावाचं वाण निवडलं गेलं आहे. मोलगीहून गोध्रा काही फार लांब नाही, सहलीत जोडून घ्या.

चारोळी काढणं मुलांना करून दाखवा. फळं रात्रभर भिजवायची, गोणपाटावर चोळून साल-गर सोडवायचा, धुऊन कडक वाळवायच्या. मग जात्याच्या पाळूंमधलं अंतर जरा जास्त ठेवून हलक्या हातानं दळायचं, म्हणजे कवच फुटतं आणि दाणा अख्खा राहतो. शेवटी सुपानं पाखडायचं.

आणि एक गोष्ट मुलांच्या मार्फत घरोघरी पोहोचवा. दुसरा कुणी आधी तोडून नेईल या धास्तीनं फळ कच्चं असतानाच फांद्या छाटून नेतात. कच्च्या फळात दाणा भरलेला नसतो, भाव मिळत नाही, ते बी उगवत नाही, आणि छाटलेली फांदी पुढची काही वर्षं फळ देत नाही. म्हणून जंगलात चारची नवी रोपं दिसेनाशी झाली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर तुमच्या ग्रामसभांचा हक्क मानला आहे. ग्रामसभेनं बसून 'अमुक तारखेआधी चारोळी तोडायची नाही' एवढं ठरवलं तरी फरक पडेल. केंद्र सरकारच्या गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत चारोळी आहे. व्यापाऱ्याशी बोलायच्या आधी त्या वर्षीचा दर विचारून घ्या.

बिब्ब्याची गोडंबीही तुमच्याकडची. चवीला उत्तम, आणि झाड मुरमात येतं. पण शाळेच्या आवारात बिब्बा नको. कवचातल्या तेलानं कातडी भाजून फोड येतात, काहींना तर नुसत्या स्पर्शानं अंग सुजतं. बिब्बा फोडणं हे जाणत्या हातांचं काम आहे, ते तिथेच राहू द्या. मुलांना एवढं मात्र जरूर सांगा की आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी हे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. मोहोराचा वास घेऊन आणि पान चुरडून पाहायला सांगा, त्यांना ते पटेल.

बी गोळा करायला मे महिना आहे. मे उलटण्याआधी पिशव्या आणि माती तयार ठेवा. पिशव्या कमी पडल्या तर कळवा, शहाद्याहून पाठवायची सोय करते.